गाडीत बसलेला पाचवा

वहिनींचं पत्र आलं त्याला वर्ष होऊन गेलं. वहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या मित्राची बायको. राहतात दोन गल्ल्या सोडून; पण समोर कोणी आलं की माझी बोबडी वळते हे त्यांना ठाऊक, म्हणून पत्र. ‘भावोजी, हे गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळी येत जाल का?’ एवढंच. मी उत्तराचे खर्डे केले नि फाडले. लोक काय म्हणतील, माझ्या मनात नक्की काय आहे... पुस्तकी माणसाला न लिहायला कारणं भरपूर.

मी गेलो नाही. माझ्या जागी, कंपनांवरून आत्मे ओळखतो म्हणणारे स्पंदनगुरू येऊन बसले.

गेल्या रविवारी वहिनींच्या इमारतीखाली ही गर्दी जमली होती! मधोमध मित्राची लाल गाडी. टायरमधली हवा कमी झाली की पुढच्या काचेखाली जो पिवळा दिवा लागतो, तो पेटलेला. पंक्चरवाल्याने सर्वांदेखत चारही चाकं तपासली. हवा बरोबर. दिवा तसाच.

“चाकं ठणठणीत! मग दिवा कोणासाठी?” गुरू कडाडले. “या गाडीत चार चाकांशिवाय पाचवा कोणीतरी आहे. ताई, मागच्या सीटवर तुमचे यजमान बसलेत! त्यांची वारंवारता पृथ्वीच्या कंपनांशी जुळत नाहीये.”

“अगं बाई!” एक आजी पुटपुटल्या.

“पट्टा लावलाय का त्यांनी?” मागून कोणीतरी विचारलं.

“हसू नका. कंपनं बिथरतात.”

असं आधीही घडलं होतं. गुरू यायचे, दिवा विझायचा, काही दिवसांनी पुन्हा लागायचा. आज त्यांनी कायमचा उपाय आणला होता. गाडी त्यांच्या स्पंदन केंद्राला देऊन टाकायची, म्हणजे आत्मा मोकळा. कागद तयार होते. वहिनी गावाबाहेरच्या शाळेत शिकवतात, तिकडे बस जात नाही. गाडी गेली की नोकरी गेली.

खरं सांगायचं तर मला गाडीची काळजी नव्हती. वहिनी ज्या नजरेनं त्या रिकाम्या सीटकडे पाहत होत्या, त्या नजरेनं माझा जळफळाट होत होता. मेलेल्या मित्राचा हेवा वाटत होता. आणि गुरूचा त्याहून जास्त, कारण त्याने हात धरला तेव्हा वहिनींनी तो सोडवून घेतला नाही.

“शुद्धीकरण! डोळे मिटा. मोठ्यानं हुंकार भरा!”

सगळे हुंकारू लागले. गुरूंचा शिष्य डिकीभोवती पडदा लावून त्याच्या आड शिरला. पण जळणाऱ्या माणसाला डोळे कुठले मिटवतात? पडद्याखाली मला शिष्याचे पाय दिसले. एक स्थिर, दुसरा खाली-वर, खाली-वर. हुंकारातून बारीक फुसफुस येत होती. शिष्य बाहेर आला तो घामानं निथळत. थोड्या वेळानं दिवा विझला. टाळ्या!

वहिनींनी पेन उघडलं.

“सही करू नका,” कोणीतरी म्हणालं. तो मीच होतो.

“भावोजी? तुम्ही?”

“जरा डिकी बघतो.”

“अपवित्र हात लावू नका!” गुरू आडवे आले.

“तुमच्या शिष्याचा पाय चालतो, मग माझा हात का नाही?”

डिकीतला गालिचा उचलला. खाली स्टेपनी, आणि तिच्या बाजूला पायानं मारायचा पंप, अजून गरम.

“हा तुमचा पाचवा,” मी स्टेपनीवर थाप मारून म्हणालो. “हिच्यातही हवा मोजणारं यंत्र असणार. हवा हळूहळू गळते नि दिवा लागतो. बाकी चार बघून काय उपयोग?”

“आयला! मी डिकी कधी उघडलीच नाही,” पंक्चरवाला म्हणाला.

“कल्पना आहे ही तुमची!” गुरू.

“मग करून बघू.” मी किल्लीनं वॉल्व्ह दाबला. हवा सुटली. थोड्या वेळानं दिवा लागला. धापा टाकत पंप मारला. दिवा विझला.

“शंकेखोरापुढे आत्मा प्रकट होत नाही!”

“मग आत्ता कसा झाला? तोही वॉल्व्ह दाबल्यावर?”

लोक खो-खो हसले. शिष्यानं पंप उचलला, गुरूंनी कागद उचलले, दोघंही सटकले. मी पुन्हा हवा सोडली. “बघा, आला! आता पंप मारा, गेला!” पंक्चरवाल्यानं आपला पंप लावला. याची गरज नव्हती. मला मजा येत होती.

“पुरे, भावोजी,” वहिनी हळूच म्हणाल्या. “पहिल्यांदा दाखवलंत तेव्हाच कळलं मला. फक्त... रोज शाळेपाशी उतरताना मी मागच्या सीटकडे वळून त्यांना सांगायचे, ‘येते हं.’ आता कोणाला सांगू?”

त्या वर निघून गेल्या.

तर मंडळी, दिवा लागला तर आत्मा शोधण्याआधी सगळी चाकं तपासा, स्टेपनीसकट. कोणी डोळे मिटायला सांगितलं तर उघडे ठेवा. चमत्काराचं कारण सापडलंसं वाटलं, तर ते घालवून आणि परत आणून बघा. आणि शेजारी कोणी दुःखात असेल तर वेळेवर जा. आपण गेलो नाही की असा एखादा गुरू जातो.

घरी येऊन मी लिहायला बसलो. या खेपेला फाडलं नाही.

‘वहिनी, शेवटच्या वेळी वॉल्व्ह दाबला तो निव्वळ मत्सरापोटी. क्षमा करा. स्टेपनीचा वॉल्व्ह बदलून घ्या, नाहीतर दिवा पुन्हा लागेल. चालणार असेल तर संध्याकाळी येत जाईन. त्याच्याबद्दल बोलू. मलाही त्याच्याबद्दल बोलायला दुसरं कोणी नाही.’

तिकीट चिकटवलं, कोपऱ्यावर गेलो आणि विचार बदलायच्या आत पाकीट पेटीत टाकलं.