हाताला साक्षीदार

"म्हातारा डोळे मिटून चालतोय. पडला तर उचलणार कोण?" ब्राइस माझ्या कानाशी येऊन म्हणाला. मी त्याला कोपर मारलं.

डेल्मर हॅस्केल खरोखरच डोळे मिटून चालत होते. वर्षाची शेवटची स्पर्धा होती. मातीच्या बंधाऱ्यापलीकडे कापणीला आलेली ज्वारी वाऱ्यावर सळसळत होती, आणि आत रिकाम्या मैदानात सत्तरी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस रिकाम्या हातांनी रायफल धरल्यासारखं करून पुढे जात होता. निशाण टेकवायला जमिनीवरच मांडलेल्या लाकडी छपरापाशी थांबला, समोर चार ठिकाणी बोट दाखवलं, पिंपाकडे वळला, काहीतरी पुटपुटला, पुढे निघाला. वाटेत दगड होता तिथे पाऊल बरोबर उचललं. एकदाही डोळे उघडले नाहीत.

आमचा खेळच तसा आहे. रायफल, शॉटगन आणि पिस्तूल, तिन्ही एकाच धावेत चालवायच्या. एकीचं काम झालं की ती तोंड खाली करून पिंपात ठेवायची आणि दुसरी उचलायची. लांबचे लोखंडी पत्रे, जवळच्या पडणाऱ्या ताटल्या, पुठ्ठ्याची माणसं, सगळं टायमरवर. मांडणी दर वेळी नवी असते आणि त्याच सकाळी बघायला मिळते. बाकीचे लोक निशाणं मोजत, हातवारे करत, एकमेकांना विचारत फिरतात. डेल्मर एकदा बघून घेतात आणि मग डोळे मिटून चालतात. मिटल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते तुला अजून पाठ झालेलं नाही, असं ते मला सांगायचे.

मी त्यांची शिष्या. एरवी गावातल्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. पहिल्या दिवशी या रेंजवर आले तेव्हा माझ्या पिशवीत दुकानदाराने गळ्यात मारलेलं सगळं होतं. मी पेशंटच्या तोंडात बघते तसं डेल्मरनी त्या पिशवीत बघितलं. एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत गेले. हा दिवा कशाला, रात्रीची रानडुकरं मारायची आहेत का? ही एवढी दुर्बीण कशाला, चंद्र बघणार आहेस? शेवटी पिशवीत फारसं काही उरलं नाही, आणि उरलं त्यातलाही कमरेचा पट्टा त्यांनी नापास केला. पट्टा ताठ हवा. हात न बघता जिथे जातो तिथेच काडतूस मिळायला हवं, आणि लुळा पट्टा धावताना सगळं इकडचं तिकडे करतो. बुटांना पकड हवी. बंदुका धूळ खाऊनही चालतील अशा हव्यात, दिसायला कशाही असोत. बाकी खरेदी वर्षभर खेळून झाल्यावर. मी हिरमुसले होते, हे आत्ता सांगायला हरकत नाही.

मग त्यांनी शॉटगन भरून दाखवली. बंदूक उलटी करून खांद्याशी धरली, डावा हात पट्ट्याकडे गेला, चार काडतुसं मुठीत आली आणि दोन-दोन करून बंदुकीच्या पोटात गेली. मला कळलंसुद्धा नाही. पुन्हा दाखवा म्हटलं. पुन्हा दाखवलं, आणि पुन्हा कळलं नाही. त्या दिवसापासून मी त्या माणसापुढे मनातून हात जोडून उभी आहे. घरी खोटी काडतुसं घेऊन पलंगाशेजारी उभी राहा, असं ते म्हणाले. सांडली तर गादीवर पडतील, वाकण्यात वेळ जाणार नाही. मी तेच करत राहिले. माझा नवरा म्हणे, घरात मक्याचे दाणे सोलल्यासारखा आवाज येतो.

गोळी घाईने मारू नकोस, अशी पोच की पोचल्याबरोबर मारता येईल, हेही त्यांचंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी शेवटी सांगितलं होतं. "हात इतका शिकव की त्याला तुझी गरज पडू नये. पण डोकं साक्षीला ठेव. साक्षीदार नसलेला हात माझ्या जवळपास नको."

साक्षीसाठी त्यांचा एक शब्द होता. डेल्मरनी उभा जन्म शेतावरच्या घरांना गॅस पोचवणारा टँकर चालवला. टाकी भरून झाली की व्हॉल्व्ह फिरवायचे, त्यावर तळहात ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, बंद. घरात कोणी ऐकायला असो नसो. तीच सवय त्यांनी इकडे आणली. पिंपात बंदूक ठेवण्याआधी तिची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावायची हा आमच्याकडे पहिला नियम आहे. नाही लावली तर माणूस दिवसभरासाठी बाद, मग तो कोणीही असो. डेल्मर अंगठ्याने सेफ्टी लावत आणि म्हणत, बंद. मग बंदूक पिंपात. हे फक्त मला ऐकू येई, कारण टायमर घेऊन त्यांच्या मागे धावणारी पंच मी. आमच्या कानांवरची यंत्रं स्फोट अडवतात, पण हळू बोलणं स्वच्छ ऐकवतात.

वसंतात एकदा त्यांनी बंदुका पेटीत भरताभरता मला एक गोष्ट सांगितली, पाऊसपाण्याची सांगावी तशी. एका शेतावर ते हातात नळी धरून उभे होते, आणि आपण टाकी भरली की भरायची आहे, हेच आठवेना. काटा बघितला तर टाकी भरलेली. व्हॉल्व्ह बघितला तर बंद. काहीच बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला टँकरच्या किल्ल्या देऊन टाकल्या.

"काहीच बिघडलं नव्हतं ना? मग?" मी विचारलं.

"बंद कोणी केला ते मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. आणि मग, "माझ्या मागे तूच असतेस. इथे ज्या दिवशी माझा शब्द ऐकू येणार नाही, त्या दिवशी मला सांगायचं. लपवायचं नाही."

"आणि सांगितलं की?"

"की हेही संपलं."

मी हसण्यावारी नेलं. पण पूर्ण उन्हाळा त्यांच्या मागे धावताना माझं लक्ष निशाणांकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त होतं. टँकर गेल्यापासून या माणसाकडे महिन्यातला हा एक रविवारच राहिला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. दर वेळी शब्द आला की मी सुटकेचा श्वास टाकत होते.

तर त्या दिवशी शेवटची फेरी राहिली होती. वर्षभराच्या गुणांत ब्राइस पहिला होता, डेल्मर त्याच्या अगदी मागे. ब्राइस धान्याच्या कोठारावर काम करतो, वयाने डेल्मरच्या तिसऱ्या हिश्शाचा, आणि तोंडाने दुप्पट. पण म्हाताऱ्याची वेळ आली की तो पिंपापाशी उभं राहायला कोणाला देत नसे. पिंपात ठेवलेली बंदूक तपासणारा दुसरा पंच तोच. छत्रीखाली घडीच्या खुर्चीवर डेल्मरची बायको आर्डिस विणत बसली होती. तिने आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. ती हॅम सँडविच आणि लोणच्याच्या काकड्या घेऊन येते, आणि आवाज झाला तरी तिचा टाका चुकत नाही.

तयार का, असं मी विचारलं. डेल्मरनी मान हलवली. टायमर वाजला.

यानंतर जे झालं ते मी खूप लोकांना सांगितलंय, आणि मला अजून नीट सांगता आलेलं नाही. घाई अशी कुठे दिसलीच नाही. छपरावर टेकून त्यांनी लांबचे पत्रे घेतले. वारा आडवा होता. त्यांनी ज्वारीकडे एक नजर टाकली आणि बंदुकीचं तोंड किंचित वाऱ्याकडे नेलं. गोळी सुटायची आणि पत्र्याचा ठण्ण आवाज मागाहून पोचायचा, तोवर ते पुढच्या पत्र्यावर गेलेले असायचे. चार पत्रे, चार गोळ्या. ते उठले, वळले, पिंपाशी पोचले, रायफल आत गेली, आणि ते शॉटगनकडे निघालेसुद्धा.

मला शब्द ऐकू आला नाही.

मागे ब्राइसने हात वर केला. म्हणजे रायफल ठीक, चालू द्या. मी धावत होते. वाऱ्याने नेला असेल, मी मनाशी म्हटलं. डेल्मर शॉटगन चालवत होते, ताटल्या एकामागून एक आडव्या होत होत्या, पळतापळता डावा हात पट्ट्याकडे जात होता आणि चार-चार काडतुसं नाहीशी होत होती. शॉटगन दुसऱ्या पिंपाशी आली. बंद, असं मला स्वच्छ ऐकू आलं. वारा तेवढाच होता. मग पिस्तूल निघालं, आणि पुठ्ठ्याच्या प्रत्येक माणसाच्या छातीवर जोडीने भोकं पडत गेली. शेवटची गोळी सुटली. मी टायमर बघितला आणि पुन्हा बघितला. त्या मांडणीवर दिवसभरात कोणी याच्या जवळपासचीही वेळ काढली नव्हती. ब्राइसनेसुद्धा नाही.

टाळ्या वाजल्या. ब्राइसने डोक्यावरची टोपी काढून धुळीत आपटली आणि पुन्हा उचलून डोक्यावर घातली. "घ्या डेल्मर, घ्या यंदाचा पहिला नंबर. मी आता क्रोशा शिकतो आर्डिसकडे."

डेल्मर हसले नाहीत. त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, मला दाखवलं, म्यानात घातलं. मग पहिल्या पिंपाकडे बघत उभे राहिले.

"रायफल कशी होती?" त्यांनी ब्राइसला विचारलं.

"सेफ्टी लागलेली. मी डोळ्यांनी बघितलं, बोटानेही चाचपलं."

"कोणी लावली?"

ब्राइसला आधी ती थट्टा वाटली. "तुम्हीच, दुसरं कोण? भूत?"

डेल्मर माझ्याकडे वळले. मी टायमरवरचे आकडे वाचत असल्याचं ढोंग करत होते. नियम मोडला नव्हता. कोणत्याही पुस्तकात तोंडाने बोलायचं असं लिहिलेलं नाही. शब्द ऐकू आला असं मी म्हटलं असतं तर त्यांना खेळायला आणखी एक वर्ष मिळालं असतं, कदाचित दोन.

"पोरी, तुला ऐकू आलं का?"

त्यांचे डोळे अगदी शांत होते. त्या डोळ्यांशी खोटं बोलायला मला जमलं नाही.

"शॉटगनचं आलं," मी म्हटलं. "रायफलचं नाही आलं."

"मलाही आठवत नाही," ते म्हणाले. "छपरावरचा शेवटचा पत्रा आठवतो. मग हातात शॉटगन आठवते. मधलं काही नाही."

ब्राइस चिडला. तावातावाने म्हणाला, की हात शिकवा, हाताला तुमची गरज पडू नये, हे तुम्हीच सगळ्यांना घोकून घेतलंत. हाताने केलं ना त्याचं काम? मग आता का रडायचं? बोलताबोलता त्याचा आवाज फाटला. या पोराला म्हाताऱ्याचा एवढा लळा आहे, हे मला तेव्हा कळलं.

"हाताने चोख काम केलं," डेल्मर म्हणाले, आणि आपल्या उजव्या हाताकडे त्यांनी कौतुकाने बघितलं. "चांगला हात आहे. पण एखाद्या दिवशी तोही विसरेल, आणि मला पत्ता लागणार नाही. तेव्हा समोर तू उभा असशील, बाळा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या नावापुढे बाद लिही."

कारण काय लिहू, असं मी विचारलं. ते म्हणाले, मी सांगितलं म्हणून.

मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी कोणाला लागलं नसतं.

आमच्याकडे बाद झालेला माणूस घरी जात नाही. कागदी चिकटपट्टीचं बंडल घेऊन तो इतरांच्या निशाणांची भोकं बुजवत राहतो. निघून गेला तर पुढच्या महिन्यात त्याच्याशी कोणी धड बोलत नाही. डेल्मरनी कोणाच्या सांगण्याची वाट बघितली नाही. बंडल उचललं आणि आपल्याच निशाणांपासून सुरुवात केली. मी मागोमाग गेले. छातीवरची दोन-दोन भोकं इतकी जवळ होती की दोन्हींना मिळून एकच तुकडा पुरत होता. ते अंगठ्याने दाबून पट्टी बसवत आणि पुढच्याकडे जात. बुजवू नका, राहू द्या, मी घरी नेते असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. मागे अजून लोक खेळायचे राहिले होते, आणि त्यांना स्वच्छ निशाणं हवी होती.

संध्याकाळपर्यंत ते बुजवत होते. पडलेल्या ताटल्या उभ्या करत होते. नव्याने आलेल्या एका बाईला बंदूक उलटी कशी धरायची ते दाखवत होते. ब्राइस पहिला आला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो पुढे गेलाच नाही, मैदानाच्या टोकाला ताटल्या उचलत राहिला.

डेल्मरनी तिन्ही बंदुका पुसून पेटीत ठेवल्या. प्रत्येकीची सेफ्टी बघितली, प्रत्येक वेळी शब्द म्हटला, मला मुद्दाम ऐकू जाईल असा. पेटी गाडीच्या मागे चढवायला मी हात लावला. त्यांनी गाडीची मागची फळी वर घेऊन लावली, खिशातून किल्ल्या काढल्या आणि आर्डिसच्या हातात दिल्या. मग फिरून पलीकडे, चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या बाजूला बसलेलं बघितलं नव्हतं.

आर्डिसने लोकरीची पिशवी पुढे ठेवली. दाराकडे वळली, आणि पुन्हा मागे आली. लावलेल्या फळीवर तिने तळहात टेकवला. डेल्मर आरशातून बघत होते.

"बंद," ती म्हणाली, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि गाडीत जाऊन बसली.