उजव्या हाताचा मोजा

आंगेरांने तलवार जमिनीला टेकवून उठायचा प्रयत्न केला, आणि पिठाच्या पोत्यांवर पुन्हा कोसळला. लढाईत डावा पाय घोड्याखाली सापडून मोडला होता. गिरणीत सरपटत आला तेवढंच नशीब.

दारात तिघे उभे होते. शत्रूच्या बाजूने लढणारे गावकरी. अंगावर चिलखत नाही, हातात भाले. पुढच्याने भाल्याचं टोक त्याच्या गळ्याशी आणलं, तसा कच्च्या कातड्याचा उग्र दर्प आला. आंगेरांने नाक मुरडलं. सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो!

तो नाइट होता, घोडेस्वार सरदार; शरण जायला त्याची ना नव्हती. उजव्या हाताचा मोजा काढून समोरच्या नाइटाच्या हाती द्यायचा, की जीव वाचला. शरण आलेल्याला मारणारा नाइट पुन्हा कुणाला तोंड दाखवू शकत नसे. पण हा मोजा एका कातडीवाल्याच्या हातात द्यायचा? त्यापेक्षा मरण बरं, असं तो आयुष्यभर म्हणत आला होता. आता मरण वीतभर अंतरावर आल्यावर त्याला ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

"तू नाइट आहेस?" त्याने विचारलं.

"नाही, सरकार. मी तिबो. कातडी कमावतो."

"मग गुडघे टेक. तुला नाइट करतो, आणि मग शरण येतो."

"वाकू नको, तिबो," मागचा एकजण म्हणाला. "मान उडवेल तो. खुपस आणि चल."

तिबो हलला नाही. तो आंगेरांच्या तोंडाकडे बघत राहिला, बाजारात जनावर पारखावं तसा. मग तिबोने भाला खाली ठेवला आणि गुडघे टेकले. मागच्या दोघांचे भाले लगेच आंगेरांच्या छातीवर आले.

आंगेरांने तलवार उचलली. पात्याच्या चपट्या बाजूने त्याने तिबोच्या खांद्यावर एकदा मारलं आणि स्वतःला नाइट करताना वडिलांनी म्हटले होते तेच शब्द पुटपुटला.

तिबो उठला. "झालो? की गरिबाची थट्टा?"

"नाइटाचा शब्द आहे."

"म्हणजे तुमच्या बरोबरीचा?"

पायातून कळ आली. "बरोबरीचा. माझे हक्क ते सगळे तुझे," आंगेरां वैतागून म्हणाला. "हे दोघे साक्षीला आहेत. घे आता." त्याने मोजा काढून पुढे केला.

तिबोने मोजा घेतला, उलटून पाहिला. कातडं चांगलं होतं.

"पेरणीच्या दिवसांत तुमची शिकारीची टोळी आमच्या शेतातून गेली," तो म्हणाला. "माझी बहीण घोड्यांखाली आली. मी गढीवर आलो होतो, तुमच्याशी द्वंद्व मागायला. तुम्ही म्हणालात, कातडीवाल्याला नाइटाला आव्हान देता येत नाही."

आंगेरांला बहीण आठवेना. आठवलं ते एवढंच, की कुणीतरी दिवाणखान्यात आलं होतं, आपण वास जावा म्हणून खिडक्या उघडायला लावल्या होत्या, आणि सगळे पोट धरून हसले होते. आता त्याला भयंकर लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

तिबोने हात सैल सोडला. मोजा आंगेरांच्या मोडक्या पायाजवळ पिठात पडला.

"शरणागती नको मला. मोजा टाकला, हे द्वंद्वाचं आव्हान. तो उचल, आंगेरां."

"मला उभंही राहता येत नाही."

"पाय बरा होऊ दे. तोवर थांबतो मी. आता नाइट आहे ना." मग तो मागे वळला आणि पाय बांधायला एखादी सरळ फळी मिळते का पाहा, असं त्याने त्या दोघांना सांगितलं.

एकजण फळी शोधायला गेला. दुसरा दारातच उभा राहिला, आंगेरां मोजा उचलून आव्हान घेतो का ते बघत. मोजा हाताच्या अंतरावर होता.