उभ्यांच्या रांगेत बसलेली बाई

श्रावणातला शुक्रवार, घरी जिवतीची पूजा मांडलेली, आणि वृंदा मात्र आयर्लंडमधल्या नास गावच्या फुटबॉल मैदानावर प्लॅस्टिकच्या गार खुर्चीत, पर्समधल्या जपमाळेवर हात ठेवून बसली होती.

याला कारण ती तिकिटं. करोनामुळे वर्षभर बंद असलेली मैदानं नुकतीच थोड्या थोड्या लोकांसाठी उघडली होती, आणि तिकीट मिळायचं ते जोडीचं, एकाच घरातल्या दोघांचं. एरवी क्षितिजाबरोबर तिचा बाबा चंद्रहास जायचा. आज त्याला चिपच्या कारखान्यात ऐन वेळी पाळी लागली. लेक दुकानातल्या कामावरून आली ती तशीच, गळ्यात क्लबचा हिरवा स्कार्फ अडकवून दारात उभी. "आई, एकटीला आत सोडत नाहीत. प्लीज."

आता क्षितिजाला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची ती इंग्रजी, आणि तीसुद्धा थेट नासच्या गल्लीतली. "प्लीज" म्हणताना तिने चेहरा असा केला की वृंदाचा नकार ओठांतच राहिला.

"अगं पण औक्षण राहिलंय तुझं. पुरणाचे दिवे करून ठेवलेत."

"आल्यावर. पाटावर बसेन. प्रॉमिस."

लेकीला ओवाळल्याशिवाय जेवायचं नाही हा वृंदाचा जिवतीच्या शुक्रवारचा नेम. म्हणजे सकाळच्या चहावरच ती इथे आली होती. पण तिला भुकेची आठवणही नव्हती. सप्टेंबरात क्षितिजाची नर्सिंगची प्लेसमेंट, म्हणजे रुग्णालयातलं शिकाऊ काम, सुरू व्हायची होती. त्याआधी गार्डा, म्हणजे इथले पोलीस, नाव तपासतात; कुठे काही नोंद नाही ना, मारामारी, दंगा, अटक. तो तपासणीचा कागद अजून यायचा होता. आणि गेल्या सामन्याहून आलेला चंद्रहास जेवताना सहज बोलून गेला होता, "मैदानावरचे रखवालदार, ते स्ट्यूअर्ड, या खेपेला बाहेरून आणलेत गं. उभं राहिलं की कॉलर धरतात. दोघा पोरांना तर पोलिसांच्याच हवाली केलं." तेव्हापासून वृंदाच्या डोक्यात तो कागदच घोळत होता.

"आपण बसूनच बघायचं हं, क्षितू," तिने फाटकाशी बजावलं होतं.

"या बाजूला कोणी बसत नाही, आई. कधीच नाही."

ते खरंच होतं. गोलपोस्टमागच्या त्या स्टँडमध्ये खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर बसणारं कोणी नव्हतं. जोड्या जोड्यांनी, मध्ये दोन दोन खुर्च्या सोडून, माणसं उभी होती, गात होती, टाळ्या वाजवत होती. लाउडस्पीकर घसा खरवडून सांगत होता, कृपया बसून घ्या, कृपया बसून घ्या. नारिंगी जाकिटं घातलेले स्ट्यूअर्ड पायऱ्यांवरून वरखाली करत होते. त्या अख्ख्या रांगेत बसलेली एकटी वृंदा. तिला समोर मैदान दिसत नव्हतं. पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

शेजारच्या जोडीतले क्रिस्टी आजोबा पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. खुब्याचं हाड बदललेलं, हातात काठी. "मी बसलो ना मिसेस, तर मला उठवायला क्रेन लागेल," ते वृंदाला म्हणाले. "तुम्ही बसा. बसलेल्या बाईमुळे आमच्या रांगेला जरा अब्रू येते." मग क्षितिजाकडे बघून म्हणाले, "ही तुमची पोर ग्रँड आहे. मागच्या वेळी काठी पडली तर हिनेच उचलून दिली. तुमचा नवरा तोवर रेफरीला शिव्या घालत होता."

"माझा नवरा?" वृंदाने विचारलं.

"मराठीत घालतो, आई. कोणाला कळत नाही," क्षितिजा म्हणाली.

वृंदा हसली, पण डोळे त्या जाकिटांवरच होते. एक उंच, मान जाड असलेला स्ट्यूअर्ड सारखा याच रांगेकडे बघत होता.

आभाळ काळवंडलं, आणि एकदम चारही खांबांवरचे मोठे दिवे लागले. लोकांनी जल्लोष केला. वृंदाचे हात आपोआप जुळले. दिवेलागण झाली होती.

इथे तिचा दुसरा नेम सांगायला हवा. आदल्या वर्षी क्षितिजा वृद्धाश्रमात मदतीला जायची आणि तिथूनच तिला करोना झाला. खोलीच्या बंद दारापलीकडे पोरीचा खोकला ऐकत वृंदाने देवापुढे शब्द टाकला होता: हिला बरं कर, मी दर चातुर्मासात दिवेलागणीला माळ पुरी होईपर्यंत मौन पाळीन. बोलणार नाही, खूणही करणार नाही, मानसुद्धा हलवणार नाही. पोरगी बरी झाली. तेव्हापासून त्या वेळात घरात फोन वाजो की कुकर, वृंदाचं तोंड उघडत नसे. आज कुठला दिवा धरायचा याचा तिने येतानाच विचार केला होता. हे दिवे काय वाईट होते? तिने नमस्कार केला, माळ पर्सबाहेर न काढता आतल्या आत मणी ओढायला सुरुवात केली.

"फ्लडलाइटला नमस्कार? आई, सिरियसली?" क्षितिजा खिदळली. मग आईचे मिटलेले ओठ पाहून समजली, आणि तोंड मैदानाकडे वळवून गाण्यात सामील झाली.

माळ अर्ध्यावर आली असेल नसेल, तेवढ्यात तो जाड मानेचा स्ट्यूअर्ड रांगेत शिरला.

"बसा. शेवटचं सांगतोय."

"हाड नवीन आहे, बेटा," क्रिस्टी आजोबा म्हणाले. "बसता येत नाही. तुमच्या ऑफिसात सांगून ठेवलंय मी."

"मला कोणी सांगितलेलं नाही. बसा."

"अरे, पण—"

त्याने आजोबांच्या कोटाची बाही धरली आणि खाली ओढली. आजोबा कळवळले. काठी खडखडत खालच्या पायरीवर गेली. क्षितिजाने दोघांच्या मध्ये हात घातला, उघडा तळवा, जसा दवाखान्यात पेशंट सावरताना घालतात तसा. "थांबा! त्यांचं ऑपरेशन झालंय, पडतील ते!" स्ट्यूअर्डने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा दंड धरला आणि खुर्चीच्या वरून तिला सरळ बाहेर खेचलं. तिचा गुडघा खुर्चीच्या कडेवर आपटला. मागच्या रांगांतून आरडाओरड झाली, कोणीतरी कागदाचा कप फेकला, आणखी दोन जाकिटं धावत आली.

वृंदा उठली होती. माळेचा एक मणी बोटात घट्ट धरलेला, पण ओठ मिटलेलेच. पोरीच्या मागोमाग ती पायऱ्या उतरली.

स्टँडखाली सिमेंटचा एक बोळ होता. तिथे स्ट्यूअर्डांचा मुकादम उभा होता, कानात वायर, हातात वॉकीटॉकी. आणि एक गार्डा बाई, वयाने वृंदापेक्षा लहान, चेहऱ्यावर मास्क.

"हिने मला ढकललं," स्ट्यूअर्ड म्हणाला. "सुरक्षा कर्मचाऱ्यावर हात टाकला."

"मी ढकललं नाही! मी फक्त आजोबांना—"

"मागचे सगळे हिच्याच बाजूने बोलणार," मुकादम गार्डा बाईला म्हणाला. "सगळे उभे राहणारेच. एकाचा भरवसा नाही."

गार्डा बाईने खिशातून पेन काढलं. "तुझं नाव सांग आधी."

वृंदाला ते पेनच दिसत राहिलं. तो कागद. अजून न आलेला तो कागद.

"ही कोण?" मुकादमाने वृंदाकडे बोट केलं.

"माझी आई. हिने सगळं बघितलंय. ही बसलेली होती!"

मुकादम वळला. "मॅडम, काय बघितलंत तुम्ही?"

वृंदाच्या बोटात मणी होता. आणखी पन्नासेक राहिले असतील. भराभर ओढले तर? ती ओढू लागली, नाम मनात अडखळत होतं, अक्षरं एकमेकांवर चढत होती. बोलावं, तर जो शब्द पोरीच्या जिवासाठी दिला तोच मोडला. आणि तो पोरीच्याच अंगावर आला तर? न बोलावं, तर हे पेन.

"मॅडम?"

वृंदाने पुढचा मणी ओढला.

"हिला इंग्लिशच येत नाही," स्ट्यूअर्ड हसला.

"येतं," क्षितिजा म्हणाली. "औषधांच्या कंपनीत लॅब चालवते ती. ती जप करतेय."

"जप? फुटबॉल मॅचला?" आता मुकादमही हसला. "बरं, चला. नाव घ्या, मोकळं करा मला."

तेव्हा क्षितिजा आईकडे वळली. तिचे डोळे भरले होते, गुडघ्याशी जीन्स फाटली होती. आणि ती मराठीत म्हणाली, लहानपणी अंधारात घाबरल्यावर म्हणायची तशी, "आई. बोल ना गं."

वृंदाने मणी सोडला.

"मी बसले होते." ती इंग्रजीतच बोलली, पण आवाज इतका हळू आला की गार्डा बाईला वाकून कान पुढे करावा लागला. "सॉरी?"

"मी बसले होते," वृंदा पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज बोळाच्या भिंतीवर आपटून परत आला. "त्या रांगेत बसलेली मी एकटी. या माणसाने आजोबांना कोटाला धरून ओढलं. आजोबांनी त्याआधी सांगितलं होतं, हाड नवीन आहे, बसता येत नाही. माझ्या मुलीने मध्ये हात घातला. असा, उघडा. ढकललं नाही. मग याने तिला दंडाला धरून खुर्चीच्या वरून ओढलं. तिचा गुडघा बघा."

गार्डा बाईने गुडघा बघितला. "मग त्यांनी विचारलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"देवाला शब्द दिला होता. माळ संपेपर्यंत बोलायचं नाही."

वर हजार पावलं आपटत होती.

"माझी आजी रोझरीची माळ ओढत असली," गार्डा बाई म्हणाली, "तर दारात पोस्टमन ताटकळला तरी उठायची नाही." मग मुकादमाकडे वळली. "या रांगेवर कॅमेरा आहे ना? मग आधी तो बघते. आणि तो म्हातारा माणूस कुठे आहे? त्याचं काय झालं ते तुमच्यापैकी कोणी बघितलं का?"

मुकादम स्ट्यूअर्डकडे बघू लागला. स्ट्यूअर्ड बुटाकडे.

"त्याची काही गरज नाही," मुकादम म्हणाला. "सोडून द्या. पण दोघींनी मैदान सोडायचं. तिकीट रद्द."

गार्डा बाईने पेन खिशात घातलं. नाव लिहिलं नव्हतं. "गुडघ्याला बर्फ लाव," ती क्षितिजाला म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

फाटकाबाहेर आल्यावर क्षितिजा रस्त्याच्या कडेला थांबली. वाकून गुडघा चोळू लागली. आतून एकदम मोठा गलका उठला. गोल झाला होता, आपला की त्यांचा, कळायला मार्ग नव्हता. फाटक करकरलं आणि क्रिस्टी आजोबा काठी टेकत बाहेर आले.

"तुम्ही कशाला आलात?" क्षितिजाने विचारलं.

"आत सगळे बसलेत आता. अशा ठिकाणी मला करमत नाही." त्यांनी वृंदाला टोपी काढून मान लववली आणि बसथांब्याकडे निघून गेले.

घरी पोचेपर्यंत वृंदाच्या मनात तेच चालू होतं. जप मोडला होता, मौनही. उद्या कॅमेरा बघतील का? बघितला तर त्यात काय दिसेल, पोरीचा उघडा हात, की नुसता पुढे गेलेला हात? कागद येईल तेव्हा खरं. आणि शब्द मोडला त्याचं काय? ती मनातल्या मनात म्हणाली, तुला जे द्यायचं ते मला दे. तिला नको.

स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, तिचं देवघर होतं. दार उघडून तिने जिवतीच्या कागदापुढे निरांजन लावलं, तबकात पुरणाचे दिवे ठेवले, अक्षता, कुंकू, सुपारी. पाट मांडला, बाजूने रांगोळीची एक रेघ काढली.

क्षितिजा लंगडत आली. पाटाकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं. "प्रॉमिस केलं होतं," म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत वाकायला लागली. तिचा चेहरा कसनुसा झाला.

"क्षितू, ब—" वृंदाच्या तोंडात तो शब्द आला आणि तिथेच थांबला. संध्याकाळभर तोच तर ऐकत होती ती. लाउडस्पीकरवरून, त्या जाड मानेच्या माणसाच्या तोंडून.

"राहू दे," ती म्हणाली. "उभीच राहा."

"पाटावर?"

"पाटावर."

क्षितिजा पाटावर उभी राहिली. आधीच आईपेक्षा वीतभर उंच, त्यात पाटाची भर. वृंदाला कुंकू लावायला टाचा उचलाव्या लागल्या. पुरणाचे दिवे फिरवताना एक वात तिरकी झाली, तिने ती बोटाने सरळ केली. अक्षता डोक्यावर टाकायच्या त्या अर्ध्या खांद्यावर पडल्या.

"आई, माळ राहिलीये तुझी," क्षितिजा हळूच म्हणाली. पुन्हा मराठीत.

"हो. पहिल्यापासून करेन," वृंदा म्हणाली. "आधी बर्फ लाव. मग मला वाढ."