मुका ठेवलेला माईक

मी माईक बोलतोय. आज माझं बटण चालू आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. मला कुणालवर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला. झालं गेलं विसरून जाणाऱ्यांतला मी नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. स्लोव्हेनियाच्या अलिनाने मला घेतलं तेव्हा ती कॉलेजात होती. आई तिथलीच, वडील इटालियन, शेजार जर्मन. त्यांच्या घरात भांडण एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसरीत मिटायचं. अलिना सगळ्या भाषांत गायची. नवी भाषा गायची असली की आधी त्या भाषेतल्या बायकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. शब्द जिभेवर बसेपर्यंत मला हातही लावायची नाही. तिची गाणी युरोपभर रेडिओवर वाजली. मग रेडिओला नवे गळे सापडले आणि आम्ही दुबईला आलो.

इथे कुणाल भेटला. मूळ पुण्याचा, ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये, धंदा कार्यक्रम भरवायचा. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याने पाघळावं. "मॅडम, इथे मराठी क्राउड मोठा आहे. एक मराठी गाणं बसवा, लोक हॉल डोक्यावर घेतील."

ती बिचारी लगेच शारजात, अल मजाजला राहणाऱ्या ओळखीच्या शोभनाकाकूंच्या स्वयंपाकघरात. काकूंनी तिला आपल्या आईने रचलेली अंगाई शिकवली. त्यात बाळाचं नाव घालायची जागा होती, तिथे काकू आपल्या लेकीचं, ईशानीचं नाव घालायच्या. अलिनाने तेच उचललं. 'बाळ' म्हणताना मात्र तिचा 'ळ' काही केल्या येईना. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "जीभ मागे घे गं, अजून मागे." अखेर तो आला तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

कुणालने तिची सगळी गाणी रेकॉर्ड करून घेतली. प्रॅक्टिससाठी, म्हणाला. आणि मग एक दिवस, "मॅडम, आवाज टॉप आहे, पण स्टेजवर फ्रेश चेहरा पाहिजे ना. तुम्ही आता ऑफिस बघा." अलिनाचा व्हिसा त्याच्याच कंपनीचा. तोंड उघडलं असतं तर देश सोडावा लागला असता. तिने गिळलं. मला त्याने कंपनीचं सामान म्हणून ठेवून घेतलं.

त्यानंतर मी एका नव्या मुलीच्या हातात. गोरी, उंच, गाण्याचा गंध नाही. तिला ताकीद होती, माईक धर, बटणाला हात लावायचा नाही. वर अलिनाचा आवाज वाजायचा, खाली ही ओठ हलवायची, आणि मी मधे मुका. मला चीड यायची हो.

बटण चालू व्हायचं ते शेवटी, कुणालच्या आभार प्रदर्शनाला. मराठी कार्यक्रमात आभार कुणाचेच राहत नाहीत. मंडपवाला, दिवेवाला, चहा करणारी ताजबी, गाड्या लावून देणारा वॉचमन, सगळ्यांची नावं तो माझ्यात ओतायचा. अलिनाचं नाव कधीच आलं नाही. मी मनात म्हणायचो, बोल लेका, तुझीही वेळ येईल.

आली. शारजातल्या मंडळाची दिवाळी पहाट होती. अलिनाला तोवर तिथल्याच रोल्ला भागातल्या एका शाळेत गाणं शिकवायची नोकरी लागली होती, व्हिसाही शाळेचा झाला होता. शोभनाकाकू तिला पाहुणी म्हणून घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. स्टेजवर नव्या मुलीने ओठ हलवले आणि अंगाईत ईशानीचं नाव आलं. काकूंनी आधी स्टेजकडे पाहिलं, मग शेजारी अलिनाकडे. ती मान खाली घालून बसली होती.

गाणं संपलं तशा काकू उभ्या राहिल्या. "वन्स मोअर. ईशानीच्या ओळीपासून."

मराठी माणूस वन्स मोअर म्हणाला की त्याला तीच ओळ लागते. सगळा हॉल म्हणू लागला. पोरगी गोंधळली. आत घाबरून कुणीतरी रेकॉर्ड पुन्हा लावलं, ते पहिल्यापासून सुरू झालं, आणि तिचे ओठ मिटलेलेच. हॉलमध्ये हशा पिकला.

कुणाल धावत आला, मला हिसकावून बटण दाबलं. "टेक्निकल इश्यू आहे, दोन मिनिटं द्या." बोलत बोलत तो स्पीकरपुढे गेला आणि मी अशी शिट्टी मारली की त्याच्या कानठळ्या बसल्या. काय बरं वाटलं मला.

तेवढ्यात काकूंनी अलिनाला वर आणलं. तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि ती ओळ गायली, 'ळ'सकट. टाळ्या थांबल्यावर काकू कुणालला म्हणाल्या, "आता आभार प्रदर्शन करा. आवाज कुणाचा होता ते सांगा."

अलिनाने मला त्याच्या तोंडापुढे धरलं. "आवाज अलिना मॅडमचा होता," तो म्हणाला. "पहिल्यापासून. पण त्याचं काय आहे, की—"

अलिनाने बटण बंद केलं. "खलास," ती म्हणाली.

तो पुढे बरंच बोलला. हातवारे केले, घाम पुसला. मागच्या रांगांना फक्त त्याचे हलणारे ओठ दिसले.

अलिनाने मला त्याला परत दिलंच नाही. आता मी तिच्या शाळेत असतो, रोज चालू. कुणाल मात्र अजून तिला फोन करतो, झाल्या प्रकाराचा खुलासा करायला. तुमची कधी गाठ पडली तर माझं एवढं काम करा. त्याला पोटभर बोलू द्या, त्याच्या तोंडाकडे नीट बघत राहा, आणि शेवटी सांगा की काही ऐकू आलं नाही.