मागचं डावं चाक

माझ्या नवऱ्याला गाडीची चाकं बाहेर काढायची होती. म्हणजे काढून टाकायची नव्हती, बॉडीच्या बाहेर डोकावायला हवी होती. रस्त्यावर गाडी कशी रुबाबात दिसते म्हणे! गुरुग्रामच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला रुबाब कशाला लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यासाठी सुयशने स्पेसर मागवले. चाक आणि ब्रेकचा ड्रम यांच्यामध्ये बसणाऱ्या जाड धातूच्या चकत्या. चकती मध्ये आली की चाकाचे नट ज्यांवर बसतात ते स्टड आखूड पडतात, म्हणून लांब स्टडही मागवले. गॅरेजमध्ये जायचं नाही, हे आधीच ठरलेलं. दिल्लीच्या द्वारकामधल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये रविवारी जॅक लागला आणि टॉर्च धरायला अर्थातच मी.

पुढचे जुने स्टड हातोडीने ठोकून निघाले, नवे बसले. मागच्या चाकांपाशी मात्र गाडं अडलं. ठोकून ठोकून सुयशचा हात भरून आला, पण स्टड जागचे हलेनात. शेवटी त्याने जुन्या आखूड स्टडवरच चकती चढवली आणि नट आवळले.

मी आंधळी नव्हते. पुढे नट सात-आठ फेरे फिरत होता, मागे दोन-तीन फेऱ्यांतच टेकला. मी तसं म्हटलं.

"घट्ट बसला ना? बस. तुला काय कळतं यार त्यातलं?"

टॉर्च धरण्यापुरतं कळतं, बाकी नाही. मी टॉर्च त्याच्या हातात कोंबली आणि वर निघून आले.

संक्रांतीला आम्ही पानिपतला निघालो. माझ्या सासूबाई अरुणाताई दरवर्षी त्या दिवशी काला अंबला, पानिपतच्या लढाईत पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाला, जाऊन हात जोडतात. लग्न होऊन दिल्लीत आल्यापासून त्यांचा हा नेम कधी चुकलेला नाही. मागे उजवीकडे त्या, मांडीवर तिळगुळाचा डबा. डावीकडे आमची सलोनी, काळ्या फ्रॉकमध्ये, दाराला डोकं टेकून झोपलेली. तिच्या सीटच्या बरोबर खाली मागचं डावं चाक.

सोनीपत मागे पडलं आणि थडथड सुरू झाली.

"सुयश, आवाज येतोय."

"रस्ता खराब आहे."

रस्ता गुळगुळीत होता. मी खिडकीची काच खाली केली. आवाज मागून, सलोनीच्या बाजूने येत होता.

"रस्ता नाही, चाक आहे! रविवारी सांगितलं होतं मी तुला. गाडी थांबव."

"आई, सांग ना हिला. सणाच्या दिवशी सुरू झाली बघ!"

मागून आईंचा मऊ आवाज आला. "रसिका, आज संक्रांत आहे गं. आज तरी गोड बोलावं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चूक याची आणि सण मी सांभाळायचा! तरी मी ओठ आवळले. वर्षानुवर्षांची सवय. सुयशने गाण्याचा आवाज वाढवला. थडथडही वाढली. आरशात बघितलं तर दाराला टेकलेलं सलोनीचं डोकं त्या तालावर हलत होतं, झोपेतच.

मग मला सण दिसेना, सासू दिसेना.

"गाडी थांबव!" मी एवढ्या जोरात ओरडले की सलोनी दचकून रडायला लागली. "आत्ता! नाहीतर मी हँडब्रेक ओढते!"

एका ढाब्यासमोर त्याने गाडी हळूहळू कडेला घेतली. तोंडाने चालूच होतं, सगळ्यांसमोर तमाशा करायची हौस वगैरे. खाली उतरून तो चाकाशी वाकला. एक नट नव्हताच. दुसऱ्याला त्याने हात लावला, तर तो बोटांनी फिरला.

मी सलोनीला उचलून गाडीपासून लांब नेलं. आई उतरल्या, चाकाजवळ गेल्या. त्यांनीही तो नट बोटांनी फिरवून बघितला. मग त्याच्या बरोबर वरच्या, मघाशी सलोनी झोपली होती त्या सीटकडे बघितलं.

सुयश उठला. पँट झटकत हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "चलो, वाचलो. काही झालं तर नाही ना! आई, आता हिला शांत कर, माझं बिल्कुल ऐकणार नाही ती."

आईंनी डबा उघडला. एक लाडू सलोनीच्या हातात दिला, एक माझ्या. सवयीने सुयशनेही हात पुढे केला. त्यांनी झाकण लावलं.

"तुला नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बोल रसिका. काय बोलायचंय ते बोल याला. मी मध्ये पडणार नाही."

मी लाडू सलोनीच्या दुसऱ्या हातात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.