ट्रेलरची तीट

विश्वजीतच्या कर्वेनगरातल्या एजन्सीत सिनेमांचे आणि व्हिडिओ गेमचे ट्रेलर बनत, आणि गिऱ्हाइकापुढे नेण्याआधी प्रत्येक ट्रेलरला तीट लागे. म्हणजे एक ढळढळीत चूक मुद्दाम ठेवायची. खोड काढल्याशिवाय गिऱ्हाइकाला आपण मालक आहोत असं वाटत नाही. त्याने चुकीवर बोट ठेवायचं, आपण "हे सुचलंच नव्हतं" म्हणायचं, चूक काढायची. बाकीचं काम शाबूत. सौदा स्वस्तातला होता. गेमवाले तर राक्षसाच्या शेपटीचा रंग बदलायला लावून आठवडाभर खूश असत.

आम्रपाली तिथली एडिटर. सध्या तिच्याकडे उत्तरेश्वर या नव्या दिग्दर्शकाच्या पहिल्यावहिल्या सिनेमाचा ट्रेलर होता. मांजरी गावच्या उसात माणसं मरत राहतात आणि खुनी निघतो गावाला मायेनं औषध देणारा कंपाउंडर. सिनेमाची सगळी पुंजी एवढीच. ते आधीच कळलं तर थिएटरात जायचं कशाला? म्हणूनच तिने तीट म्हणून शेवटी कंपाउंडरचा रक्ताळलेला चेहरा टाकला. ही चूक आंधळ्यालाही दिसेल, असा तिचा हिशोब.

निर्माते बद्रीनाथजी आंधळे नव्हते. त्यांनी तो चेहरा पुन्हा लावायला सांगितला, मांडीवर थाप मारली आणि हाच ठेवा, जमलं तर सुरुवातीलाही दाखवा, म्हणाले. विश्वजीतने मान डोलावली. त्या कामात त्याची मान तरबेज होती.

ते गेल्यावर आम्रपाली केबिनमध्ये शिरली. विश्वजीतने शांतपणे समजावलं, की गिऱ्हाईक खूश आहे, सिनेमा आपला नाही, आणि दिग्दर्शकाला काय ते ट्रेलर आल्यावर कळेलच. तिची कानशिलं तापली. निम्मा राग त्याच्यावर होता, निम्मा स्वतःवर. दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तिटेनं पोराच्या तोंडाला काळं फासलं होतं, आणि बोट तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथजी शेवटची मंजुरी द्यायला आले, तेव्हा तिने ट्रेलर लावलाच नाही.

"तो चेहरा चूक आहे," ती म्हणाली. "आपण काढायला सांगाल म्हणून मुद्दाम ठेवलेली. इथे दर ट्रेलरला एक ठेवतात. गिऱ्हाइकाला शहाणं वाटावं म्हणून."

विश्वजीत हसला, आम्रपाली गंमत करतेय म्हणाला. बद्रीनाथजी हसले नाहीत. मागच्या कौटुंबिक सिनेमाच्या ट्रेलरमधून त्यांनी एक घोडा काढायला लावला होता. तो किस्सा ते लग्नाकार्यात सांगत.

"घोडासुद्धा?" त्यांनी विचारलं.

विश्वजीत पंख्याकडे बघू लागला.

"घोडा मीच आणला होता," आम्रपाली म्हणाली.

बद्रीनाथजी उठले. चेहरा काढा, म्हणाले, आणि यापुढे आमचा एकही सिनेमा हा जिना चढणार नाही. ते खाली उतरले. मग विश्वजीतने तिला तिचं ओळखपत्र टेबलावर ठेवायला सांगितलं.

तिने आधी चेहरा काढला, ट्रेलर बद्रीनाथजींना आणि उत्तरेश्वरला पाठवला, मगच ओळखपत्र ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं.

पार्किंगमध्ये उत्तरेश्वरचा फोन आला. झाल्या प्रकाराचा त्याला पत्ता नव्हता.

"ताई, मस्त झालाय. फक्त सुरुवातीची ती हलगी जरा काढता आली तर..."

ती हलगी तिने जीव ओतून बसवली होती.

"ती तीट नाहीये," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.