एकशे अठरा पायऱ्यांवरचे दोन शब्द

अथेन्समधून निघाल्यापासून कोरिंथच्या कालव्यापर्यंत रस्त्यात अकरा चर्च लागली, आणि प्रत्येक चर्चपाशी बसमधल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या त्रेचाळीस सभासदांनी तीन-तीन वेळा छातीवर क्रूस काढला. त्यामुळे गाइड इव्हान्थियाबाईंना माइकवर चालू असलेलं पर्शियन सैन्याचं आक्रमण दर वेळी थांबवावं लागलं. अकराव्या चर्चनंतर पर्शियन नेमके कुठवर आले होते हे बाईंनाच आठवेना, तेव्हा त्यांनी पर्शियनांना तिथेच सोडून दिलं. कोणी चौकशी केली नाही.

कालव्यावर बस थांबली ती स्वच्छतागृहासाठी, पण खाली उतरल्यावर प्रत्येकाला भाजलेल्या मांसाचा वास आला आणि दहा मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. ड्रायव्हर सारांदोस बसला टेकून कॉफी पीत होता.

"बाई, दीडला निघायचं हं आपण त्या देवस्थानातून," तो म्हणाला. "दोन वाजता खाणावळीत कोकराच्या बरगड्या विस्तवावर चढतात. मालक म्हणजे माझ्या पोरीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. त्याला मी शब्द दिलाय."

"आणि मी लोकांना अवशेष दाखवायचे कधी?"

"ते अडीच हजार वर्षं तिथेच आहेत," सारांदोस म्हणाला. "कोकरू गार होतं."

इव्हान्थियाबाईंनी गळ्यातला गाइडचा बिल्ला सरळ केला आणि वाद घातला नाही. आज शुक्रवार होता. सोमवारपासून त्या निवृत्त होणार होत्या आणि वाद घालण्यासाठी लागणारं सामान त्यांच्याकडचं बहुतेक संपलेलं होतं. उरला होता तो एकच हट्ट, आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. आज त्यांना कोणाला तरी, निदान एका माणसाला, वरची शिळा दाखवायची होती.

ही शिळा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. डोंगराच्या उतारावर एक जुनं देवस्थान होतं. खाली खांबांचे बुंधे, एक पाण्याचं कुंड आणि नुसता पाया उरलेलं देऊळ. तिथून एकशे अठरा पायऱ्या चढून गेलं की वरच्या गच्चीवर, गवतात, गुडघ्याएवढा दगड. बाई विद्यापीठात शिकत असताना एका उन्हाळ्यात तिथे उत्खनन चालू होतं, आणि बावीस वर्षांच्या इव्हान्थियाच्या ब्रशखाली तो दगड निघाला. त्यावर दोनच शब्द होते. 'तेलोस पोनू.' प्राध्यापकांनी अहवालात त्याला दीड ओळ दिली. त्यातली अर्धी ओळ पावसाने झिजलेल्या शेवटच्या अक्षराबद्दल होती.

पुढे गाइड झाल्यावर त्यांनी हजारो लोकांना त्या देवस्थानात नेलं. जहाजावरून उतरलेले जर्मन, बिल्ले लावलेले जपानी, टोप्या घातलेले अमेरिकन. प्रत्येक वेळी पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून त्या सांगत, वर एक शिळा आहे. पाहुणे वर बघत, पायऱ्या मोजत आणि फोटो काढत. खालून. सहा वर्षांपूर्वी बाईंच्या स्वतःच्या गुडघ्यांनी पायऱ्या सोडल्या, आणि मग शिळेकडे जाणारं कोणीच उरलं नाही.

शेवटच्या दिवशी मात्र आपली माणसं आली होती. अनुवादाची गरज नसलेली. इव्हान्थियाबाईंना वाटलं, आज कोणीतरी चढेल.

देवस्थानात पोचायला साडेबारा वाजले. ऊन असं होतं की सगळ्या संघाने एकाच पाइन झाडाखाली स्थलांतर केलं आणि तिथून हलायचं नाही असं एकमताने ठरलं. पहारेकऱ्याच्या तोंडात शिट्टी होती. कोणी दगडावर बसलं की तो वाजवायचा, कोणी दगडावर पिशवी ठेवली की वाजवायचा. एका आजोबांनी दगडाला नुसतं टेकून श्वास घेतला, तर त्याने श्वास पुरा होईपर्यंत वाजवली.

"हे औषधांच्या देवाचं स्थान," इव्हान्थियाबाईंनी सुरुवात केली. "आजारी लोक इथे येऊन झोपायचे आणि देव स्वप्नात येऊन उपचार सांगायचा."

"नंबर किती दिवसांनी लागायचा?" मागून प्रश्न आला.

"लगेच."

झाडाखाली एक अविश्वासाची कुजबुज फिरली.

"मला डोळ्यांसाठी पुढच्या मार्चची तारीख दिलीय," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. त्या संघाच्या अध्यक्ष. वय एकोणऐंशी, हातात पंखा, डाव्या गुडघ्याला पट्टा. "पुढे सांग पोरी. थोडक्यात सांग."

थोडक्यात सांगायला बाईंची हरकत नव्हती. देऊळ त्यांनी चार वाक्यांत आटोपलं, कुंड दोन वाक्यांत. मग पायऱ्यांकडे हात करून, अडतीस अंशांच्या उन्हात, जमेल तितक्या सहज आवाजात त्या म्हणाल्या, "आणि वर एक शिळा आहे. फारशी कोणी बघत नाही. तिच्यावर दोनच शब्द कोरलेत. तेलोस पोनू."

एवढं बोलून त्या श्वास घेण्यासाठी थांबल्या. पुढचं वाक्य तयार होतं. परदेशी पाहुण्यांसाठी घासून गुळगुळीत झालेलं वाक्य: ज्या कारागिराने या पायऱ्या घडवल्या त्याने काम पुरं झाल्यावर वर जाऊन लिहिलं, कष्ट संपले. 'तेलोस' म्हणजे शेवट, आणि 'पोनू' ज्यातून आला तो 'पोनोस' म्हणजे प्राचीन भाषेत कष्ट, राबणं.

पण समोर परदेशी नव्हते. समोर ग्रीक होते, आणि आपल्या पूर्वजांची भाषा आपल्याला आपोआप येते याबद्दल कुठल्याही ग्रीक माणसाच्या मनात शंका नसते. आजच्या ग्रीकमध्ये 'पोनोस' म्हणजे दुखणं. कंबर, दाढ, गुडघा, जे असेल ते.

"काय लिहिलंय म्हणालीस?" पोलिक्सेनीबाईंचा पंखा थांबला.

"तेलोस पोनू."

"दुखणं संपलं," पोलिक्सेनीबाई हळूच म्हणाल्या. मग संघाकडे वळून, मोठ्याने, "अहो ऐकलंत का? वर लिहिलंय, दुखणं संपलं!"

"तसं नव्हे बाई, त्या काळी त्या शब्दाचा अर्थ..."

"मला वाचता येतं, पोरी. औषधांच्या देवाचं स्थान, आणि तिथे लिहिलंय दुखणं संपलं. आणखी काय लिहायचं त्याने? टेलिफोन नंबर?"

ज्या माणसांनी सकाळपासून बसच्या दोन पायऱ्यांबद्दल तक्रार केली होती ती माणसं उठली. काठ्या शोधल्या गेल्या. एका आजींनी दुसऱ्या आजींना विचारलं की दगडाला हात लावायचा असतो की दुखरा भाग लावायचा असतो. दुसऱ्या आजी म्हणाल्या, दुखरा भाग, म्हणजे मला आडवंच व्हावं लागेल. आणि इव्हान्थियाबाई 'कष्ट, कष्ट' असं म्हणत असताना ज्येष्ठ नागरिक संघ एका रांगेत, कठडा धरून, पवित्र मातेचं नाव घेत पायऱ्या चढू लागला.

बाई बघत राहिल्या. इतक्या वर्षांत प्रथमच लोक वर चालले होते, आणि चुकीच्या दगडाकडे चालले होते. दगड तोच होता, पण चुकीचा होता. वर पोचायच्या आत त्यांना गाठून खरं सांगायला हवं होतं, म्हणून त्याही निघाल्या.

चौसष्टाव्या पायरीवर गुडघ्यांनी नकार दिला. दोन्हींनी, एकदमच. बाई पायरीवर बसल्या. वरून, रांगेबरोबर चढणाऱ्या पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. त्यांनी बिल्ला वर करून दाखवला, शिट्टी पुन्हा वाजली. त्या बसूनच राहिल्या. निवृत्तीला तीन दिवस असताना माणसाला शिट्टीचं फारसं काही वाटत नाही.

रांगेच्या सगळ्यात शेवटी एक उंच, वाकलेले आजोबा होते. मार्कांतोनिस. सकाळपासून ते कोणाशी बोलले नव्हते. ते बाईंपाशी थांबले.

"बसलात?"

"बसले."

"गुडघा?"

"दोन्ही."

"माझी कंबर," आजोबा म्हणाले. "तिनोस बेटाचा मी. पन्नास वर्षं संगमरवर फोडला. दगडाने काही दुखणं जायचं असतं तर मी आज नाचत असतो."

"मग वर कशाला निघालात?"

"त्याने कोरलंय कसं ते बघायला," आजोबा म्हणाले आणि पुढे गेले. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मग पुढची.

बाई एकट्या राहिल्या. वरून आवाज येत होते. हसणं, एकदा आमेन, मग पुन्हा हसणं. आपणच शोधलेल्या दगडापाशी काय चाललंय हे आपल्याला कळू नये याचा त्यांना राग यायला हवा होता. पण तोही चौसष्ट पायऱ्या चढून आला असावा, दमलेला होता. त्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायल्या.

अर्ध्या तासाने संघ खाली उतरू लागला. पोलिक्सेनीबाई सगळ्यांच्या पुढे, पट्टा हातात.

"तू आली नाहीस!" त्यांनी बाईंना धरून उठवलं आणि शिळेची माहिती सांगायला सुरुवात केली. शिळा कुठे आहे, केवढी आहे, तिच्यावर काय लिहिलंय. "मी गुडघा टेकवला आणि मग पापी घेतली. दगडाची पापी नियमात चालते की नाही हे त्या शिट्टीवाल्यालाच माहीत नव्हतं. तो शिट्टी तोंडात धरून नुसता उभा. शिळा खरं तर कुठल्यातरी संताची असणार, तुम्ही शिकलेले लोक हे लपवता."

"बरं वाटतंय का गुडघ्याला?"

"नाही," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "पण आत्ता तर लावलाय. औषधाला वेळ द्यावा लागतो."

एकेक जण बाईंजवळून जाताना शिळेबद्दल सांगून गेला. बेचाळीस जणांनी मिळून बाईंना त्यांच्या शिळेची ओळख करून दिली. खालून सारांदोसने हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. दोन वाजून गेले होते.

सगळ्यात शेवटी मार्कांतोनिस आले. ते पुन्हा बाईंपाशी थांबले, कठड्याला टेकले.

"ते शेवटचं अक्षर तुम्ही बघितलंय का कधी?"

"बघितलंय. पावसाने झिजलंय ते."

"कोण म्हणालं?"

"आमचे प्राध्यापक."

"पावसाला काय तेवढंच अक्षर दिसलं?" आजोबांनी नाकातून हवा सोडली. "छिन्नी बोथट झाली होती त्याची. धार लावायला खाली यावं लागलं असतं, या सगळ्या पायऱ्या उतरून. एकच अक्षर राहिलं होतं. त्याने तसंच ओढलं. मीही तसंच ओढलं असतं."

"म्हणजे काम बिघडवलं त्याने."

"बिघडवलं कुठे? घरी निघाला होता तो."

बाविसाव्या वर्षी इव्हान्थियाबाईंनी ते अक्षर ब्रशने कितीतरी वेळ साफ केलं होतं. आत अजून माती असेल, म्हणून खोल दिसत नसेल, असं त्यांना वाटलं होतं. माती नव्हती. पाऊसही नव्हता. माणूस थकला होता.

"चला," आजोबा म्हणाले. "तुम्ही कठडा धरा. मी तुम्हाला धरतो, म्हणजे मलाही काहीतरी धरायला होईल."

असे ते दोघं चौसष्ट पायऱ्या उतरले. त्याला पाव तास लागला, आणि सारांदोसचा हॉर्न शेवटच्या वीस पायऱ्या सलग वाजत होता.

बस हलली. खाणावळ अजून वीस मिनिटांवर होती. पोलिक्सेनीबाईंनी पुढच्या सीटवरून माइक ओढून इव्हान्थियाबाईंच्या हातात दिला.

"आता तू सांग, सरकारी बिल्ला लावून. मागे दोघं जण वाद घालताहेत. लिहिलंय ना दुखणं संपलं म्हणून?"

माइक हातात आला की खोटं बोलायचं नाही, ही इव्हान्थियाबाईंची सवय होती. ती इतकी जुनी होती की तिचा त्यांना आता कंटाळा आला होता. त्यांनी बसमधल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे घामेजलेले, गुडघ्यांवर हात ठेवलेले आणि खूष.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्या काळी पोनोस म्हणजे दुखणं नव्हे. काम. राबणं. तिथे औषधाचं काही लिहिलेलं नाही. ज्याने त्या पायऱ्या घडवल्या त्या माणसाने लिहिलंय. एकशे अठरा पायऱ्या झाल्यावर. आता काम संपलं, एवढंच."

सारांदोसने आरशातून मागे बघितलं. पोलिक्सेनीबाईंनी हातातला पट्टा हळूहळू मांडीवर ठेवला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "रिटायर झाला तो?"

इव्हान्थियाबाईंनी क्षणभर विचार केला. "हो. तसंच म्हणायचं."

"अहो, रिटायर झालाय तो!" पोलिक्सेनीबाई उभ्या राहून ओरडल्या, आणि बसमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. दुखणं संपल्यालाही वर एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, मग लिहिणारच की दगडावर. माझ्या मेव्हण्याने तर बाल्कनीत झेंडा लावला होता. मार्कांतोनिस खिडकीशी डोळे मिटून बसले होते, पण त्यांनीही दोनदा टाळी वाजवली.

"किती वर्षं नोकरी झाली होती त्याची?" मागच्या सीटवरून विचारणा झाली.

हे शिळेवर नव्हतं. अहवालातही नव्हतं. माइक चालू होता, आणि इव्हान्थियाबाईंना इतका थकवा आला होता की जवळ असलेला एकमेव आकडा त्यांनी देऊन टाकला. तो त्यांच्या स्वतःच्या नोकरीचा होता.

"अडतीस," त्या म्हणाल्या.

"बिचारा," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या.

"आणि सगळी दगडात!" सारांदोस स्टिअरिंगवरून म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "बाई, त्याला पेन्शन मिळालं का वेळेवर?"

"ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे नाही मिळालं," मागून कोणीतरी म्हणालं. बसमधल्या सगळ्या मुंड्या गंभीरपणे खाली झुकल्या, आणि खाणावळ येईपर्यंत त्या माणसाबद्दल सगळे अगदी पोटतिडकीने बोलत राहिले.